डावाचा यजमान कोण?

दिवाळीच्या अंकात भांडण घेऊन येणारा लेखक म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढणारा वाढपी! हे मला कळते. संपादकांनी मोठ्या आदबीने ‘काही तरी हलकेफुलके द्या’ असे कळवले होते, तेही मी विसरलेलो नाही. पण माझा नाइलाज आहे. ज्या विषयावर मी भांडणार आहे तो विषयच मुळी दिवाळीचा आहे. आणि सगळे त्याला हलकाफुलका समजतात म्हणूनच त्याची ही दशा झाली आहे. विषय आहे खेळाचा. चार जिवलग घरी जमल्यावर, शेवटची चकली कोणी उचलायची यावर लटके भांडण होऊन गेल्यावर, ‘चला, काही तरी खेळू या’ असे म्हणून जो डाव मांडला जातो, त्या डावाचा. माझा प्रश्न एवढाच की, तो डाव कोणाच्या घरी चाललेला असतो?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? आमच्या घरी! सतरंजी आमची, चहा आमचा, पाहुणे आमचे. थांबा. इतक्या घाईने उत्तर देऊ नका. वर्गात सर्वांच्या आधी हात वर करणाऱ्या मुलाचे उत्तर बहुधा चुकते, असा माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे.

प्रथम माझा अधिकार सांगून टाकतो, म्हणजे तो नाही हे तुम्हाला शोधून काढावे लागणार नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. जुन्या भाषेत मी मॅट्रिक. तीन-चार कादंबऱ्या छापून आल्यावर आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी शाळेच्या चालकांना वाटले की, ज्याला मराठी लिहिता येते त्याला ते शिकवताही येत असेल. त्यांचा हा गैरसमज अजून टिकून आहे आणि त्यावर माझे घर चालते. संगणकाशी माझे नाते शाळेच्या तपासणी अधिकाऱ्याशी असते तसे: नमस्कार करावा, पण लांबून. तेव्हा यंत्राविषयी पुढे जे शहाणपणाचे लिहिले असेल ते माझ्या भाचीचे. राग मात्र सर्वस्वी माझा.

आता या रागाचे मूळ सांगतो. २०२० सालच्या टाळेबंदीत आम्ही पाच शाळासोबती दर शनिवारी रात्री नऊ वाजता मोबाइलवर जमत असू. एक मस्कतला, एक पिंपरीला आणि आम्ही तिघे गावातच. पण त्या दिवसांत आमची पेठ काय आणि मस्कत काय, अंतर सारखेच होते. खेळ साधा. एकाने बोटाने चित्र काढायचे, बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. आमच्यातला एक जण एसटीत कंडक्टर होता. त्याला चित्रकलेचे एकच अंग होते, ते म्हणजे एसटी. ‘लग्न’ हा शब्द आला की तो एसटी काढून तिला मुंडावळ्या बांधी. ‘पाऊस’ आला की एसटीच्या टपातून धार लागे. ‘संसार’ हा शब्द आला तेव्हा त्याने एसटी काढली, पंक्चर झालेले चाक काढले आणि मागून धक्का मारणारी दोन माणसे काढली. ओळखायला आम्हाला क्षणाचाही वेळ लागला नाही. ही सारी चित्रे त्या अ‍ॅपमध्ये एका वहीत साठत असत.

२०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, तो गेला. पुढे आमचे शनिवारही मोडले. दोनएक वर्षांनी त्याच्या मुलीने मला रस्त्यात गाठून विचारले, ‘काका, बाबांची ती चित्रं तुमच्याकडे असतील ना? मला हवी होती.’ मी मोठ्या तोऱ्यात म्हटले, ‘आहेत की! काढून देतो.’ दिवाळीची भेट म्हणून देऊ या विचाराने मी तीन महिने गप्प बसलो. आणि वसुबारसेच्या आदल्या रात्री ते अ‍ॅप उघडले तेव्हा पडद्यावर एकच वाक्य दिसले: ही सेवा बंद करण्यात आली आहे, आपल्या सहवासाबद्दल आभार.

त्या कंपनीचे नाव मी सांगणार नाही. तिने मला फसवले असे मला म्हणताही येत नाही. मी न वाचता ज्या करारावर अंगठा टेकवला होता त्यात हे सगळे लिहिलेले असणारच. माझे भांडण त्या कंपनीशी नाही. ते माझ्याशी आहे आणि, राग मानू नका, तुमच्याशीही आहे.

कारण आपण सगळेच हल्ली आपला डाव परक्याच्या ओसरीवर मांडतो आणि त्याला घरचा डाव म्हणतो. जरा आत डोकावून पाहा. शिकागोच्या जॅकबॉक्स गेम्स या कंपनीने २०१४ साली आपला पहिला ‘पार्टी पॅक’ काढला आणि पाहुणे जमल्यावर खेळायच्या खेळांची एक नवी पद्धतच रूढ केली. टीव्हीच्या पडद्यावर चार अक्षरांची खूण येते. प्रत्येकाने ती आपल्या मोबाइलवर टाकायची की झाला तो डावात सामील. कल्पना झकास आहे. ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला मी मनापासून शाबासकी देईन. पण सतरंजीच्या या टोकाला बसलेल्या वहिनींचे उत्तर त्या टोकाच्या टीव्हीपर्यंत कसे पोचते? सरळ चार हात पुढे जाऊन नव्हे! ते घराबाहेर पडते, कंपनीच्या सर्व्हरला भेटते आणि तिथून पुन्हा घरात येते. गावातले इंटरनेट गेले की हाताच्या अंतरावरच्या दोन माणसांचा खेळ थांबतो. कंपनीने उद्या दुकान बंद केले तर तो कायमचा थांबेल. माजघरातून स्वयंपाकघरात मीठ मागायचे असेल तर आपण तहसील कचेरीत अर्ज करतो काय?

इंग्रजीत पाहुण्यांना बोलावणाऱ्या घरधन्याला आणि दुसऱ्या यंत्रांची सरबराई करणाऱ्या संगणकाला एकच शब्द आहे: होस्ट. आपल्याकडे त्याला ‘यजमान’ म्हणावे. म्हणजे लगेच उघडे पडते की, चहा देणारे आपण असलो तरी डावाचे यजमान आपण नाही. आपणही पाहुणेच आहोत. आणि ज्याच्या घरी आहोत त्याचे तोंड आपण कधी पाहिलेले नाही.

‘अहो, खेळच तो! एवढे काय मनाला लावून घ्यायचे?’ असे म्हणणाऱ्यांना मी महाभारताकडे बोट दाखवतो. धर्मराज द्यूतात हरला, याचे कारण आपण नेहमी त्याच्या व्यसनात शोधतो. व्यसन होतेच. पण त्याहून मोठी चूक कोणती? तो दुसऱ्याच्या नगरात, दुसऱ्याने मुद्दाम बांधलेल्या सभेत, दुसऱ्याच्या फाशांनी खेळला. पण दुर्योधनाने लावला आणि फासे टाकले शकुनीने. धर्मराजाने त्यावर कुरकुर केली आणि तरीही तो खेळायला बसला. आपणही असेच. नियम त्यांचे, फासे त्यांचे, सभा त्यांची. आपली फक्त माणसे. आणि हे आपण करतो केव्हा? तर पाडव्याला, ज्याला आपल्या पंचांगात द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे!

कोणी म्हणेल, तुमचे एक फुकटे अ‍ॅप बुडाले म्हणून तुम्ही जगाला दोष देता. तर मग इतर दाखले घ्या. फार्मव्हिल हा शेतीचा खेळ २००९ साली निघाला. लोक रात्री गजर लावून उठत आणि पडद्यावरचे पीक काढत. ३१ डिसेंबर २०२० रोजी तो बंद झाला. शेत नाही, गुरे नाहीत, सातबाराही नाही. बरे, तो फुकट होता म्हणून सोडून द्या. ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ साली रोख पैसे घेऊन विकला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्या घरातल्या तबकड्यांचे चहाच्या बशांपलीकडे मोल उरले नाही. यावर युरोपात मोठी चळवळ उभी राहिली. विकलेला खेळ बंद करताना तो लोकांना आपल्या बळावर चालवता येईल अशा स्थितीत ठेवून जा, एवढीच तिची मागणी. युरोपीय संघाकडे दिलेल्या त्या मागणीवर जुलै २०२५ मध्ये सह्यांचा आकडा दहा लाखांच्या वर गेला. म्हणजे हे दुःख माझ्या पेठेपुरते नाही.

आणि असे करणे अशक्य आहे, ही थापही चालणार नाही. १९९६ साली निघालेल्या ‘क्वेक’ या खेळाच्या कर्त्यांनी सर्व्हर चालवण्याचा प्रोग्राम खेळाडूंच्याच हाती दिला होता आणि १९९९ साली खेळाची मूळ संहिताही जगासमोर उघडी केली. म्हणून तो आजही खेळता येतो. आता ठार मारामारीचा तो खेळ मी माझ्या घरात येऊ देणार नाही, तो भाग निराळा! पण दानत कशी असावी ते त्याच्याकडून शिकावे.

आता मला येणारे आक्षेप मीच मांडतो, कारण दुसऱ्याने मांडले तर त्यांना जोर येतो.

पहिला आक्षेप: कारागिराने खायचे काय? अगदी रास्त प्रश्न. खेळ करणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत. मीही मानधनासाठी संपादकांना पत्रे लिहितो. पण विकत देणे म्हणजे काय, ते सावंतवाडीच्या चितारींकडे पाहा. दशावतारी गंजिफेचा १२० पानांचा जोड त्यांनी हाताने रंगवावा, आपण त्याचे दाम मोजावे आणि तो डबीत घालून घरी आणावा. पुढे नातवाने डबी उघडली तरी मत्स्यावताराचे पान मत्स्यावताराचेच राहते. चितारी रात्री येऊन ते पुसून नेत नाही. भाड्याला भाडे म्हणा आणि विक्रीला विक्री. माझी तक्रार संपली.

दुसरा आक्षेप: फुकट तर मिळते! फुकट? दोन डावांच्या मध्ये जाहिरात येते, ती कोणाच्या वेळेत येते? आजी सोंगटी हलवणार इतक्यात पडद्यावर कर्ज घ्या म्हणून सांगणारा इसम येतो. आमच्या लहानपणी खेळात कोणी मध्येच नाक खुपसले तर आम्ही त्याला बाहेर काढत असू. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ साली काढलेल्या ‘लुडो किंग’मध्ये एकाच मोबाइलवर चौघांना इंटरनेटशिवाय खेळता येते. तेवढे पुण्य तिच्या पदरी आहे आणि मी ते हिरावून घेत नाही.

तिसरा आक्षेप: मास्तर, मग सारीपाट आणि पत्ते आहेतच की, यंत्राच्या नादी लागता कशाला? या आक्षेपाने मी एकदा विरघळलो होतो. पण मस्कतच्या मित्राने मस्कतहून पत्ता कसा टाकावा? आणि गुडघ्यांमुळे खाली बसता न येणाऱ्या माझ्या आईला पलंगावरून डावात कसे घ्यावे? यंत्राने हे साधते. मला यंत्र हवे आहे. ते फक्त माझ्या घरात, माझ्या ताब्यात हवे आहे.

घरच्या खेळाचे पुढे काय होते याची एक गोष्ट सांगतो. लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईने १९०४ साली एका खेळाचे पेटंट घेतले. जमिनीच्या मक्तेदारीने गरीब कसा नागवला जातो, हे शिकवावे म्हणून तिने तो रचला. लोकांनी तो उचलला; घरोघरी हाताने पट आखले आणि त्यावर आपापल्या गावातल्या गल्ल्यांची नावे लिहिली. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने तिचे पेटंट पाचशे डॉलरला विकत घेतले आणि ‘मोनॉपॉली’ बाजारात आणली. त्यानंतर पटावरच्या गल्ल्या छापील झाल्या. आपण लहानपणी ‘नवा व्यापार’ खेळलो तो याच झाडाची फांदी. मक्तेदारीविरुद्ध काढलेल्या खेळाची मक्तेदारी व्हावी, याहून कडू विनोद मला कादंबरीतही सुचला नसता.

तेव्हा मागच्या वर्षी मी भाचीला म्हटले, ‘हे बघ, दिवाळीला आपल्या घरचा खेळ हवा.’ ती संगणकाच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, ‘मामा, असे खेळ आहेत. पण शोधावे लागतील.’ आणि आम्ही शोधायला बसलो. जगात उदार माणसे पुष्कळ आहेत हे त्या चार रात्रींत मला कळले. फ्रान्सच्या थिबो ड्युप्लेसी या प्रोग्रामरने २०१० साली ‘लिचेस’ हे बुद्धिबळाचे स्थळ सुरू केले. त्यावर जाहिरात नाही आणि त्याची संहिता सर्वांना खुली आहे. चित्रे ओळखण्याचा ‘स्क्रिबल-आरएस’ आहे. तोही तसाच खुला, ज्याचा त्याने आपल्या यंत्रावर मांडावा. पण कचराही कमी नव्हता. काही खेळ कर्त्याने अर्धवट टाकलेले, काहींना मांडायलाच इंजिनिअर हवा, काहींत घाणेरड्या विनोदाखेरीज काही नाही. म्हणून आम्ही पाच कसोट्या ठरवल्या, त्या तुमच्याही उपयोगी पडतील. घरातले इंटरनेट बंद केले तरी खेळ चालतो काय? नाव आणि फोन नंबर न देता आत जाता येते काय? आपले शब्द आपल्याला घालता येतात काय? साध्या मोबाइलवर काही न उतरवता उघडतो काय? आणि गेल्या वर्षभरात कर्त्याने त्याची डागडुजी केली आहे काय? पाचांतली एक कसोटी हुकली तर विचार करावा. पहिलीच हुकली तर विचारसुद्धा करू नये.

अखेर एक खेळ सापडला. भाचीने तो तिच्या टाकून दिलेल्या लॅपटॉपवर मांडला. तो लॅपटॉप जुन्या साठ वॅटच्या दिव्याहून कमी वीज खातो. घरच्या वायफायवर त्याला एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट असा आकड्यांचा पत्ता मिळाला. हे आकडे घरगुती जाळ्यांसाठीच राखलेले आहेत, बाहेरच्या जगाला ते दिसत नाहीत. तो पत्ता मोबाइलवर टाकला की आपण डावात! मस्कतच्या मित्रासाठी तिने ‘वायरगार्ड’ नावाचा एक बंदिस्त बोळ बांधला. त्याला मात्र इंटरनेट लागते आणि त्यापायी तिचे दोन दिवस गेले, हे लपवत नाही. आपले घर चालवायचे म्हणजे कष्ट आलेच. घरात नळ गळला तर आपण घर विकून लॉजमध्ये राहायला जात नाही.

पहिल्याच डावात घोटाळा झाला. शब्द होता ‘दिवाळी’. पडद्यावर ओळखणाऱ्यांसाठी रेघा उमटल्या सहा! सगळे बुचकळ्यात. सहा अक्षरी शब्द कोणता? माझी सौभाग्यवती ‘नरकचतुर्दशी’ची अक्षरे बोटांवर मोजू लागली. मग उलगडा झाला. यंत्र द निराळा मोजत होते आणि त्याची वेलांटी निराळी. व निराळा आणि काना निराळा. कर्त्याने बिचाऱ्याने इंग्रजीच्या हिशोबाने मोजणी लिहिली होती. भाचीने संहिता उघडली, दोन संध्याकाळी डोके खाजवले आणि तिसऱ्या दिवशी ‘दिवाळी’ तीन अक्षरांची झाली.

वाचकहो, माझा सगळा मुद्दा इथे आहे. हाच घोटाळा कंपनीच्या खेळात झाला असता तर आम्ही काय केले असते? तक्रारीचा अर्ज भरला असता, ‘आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे’ असे छापील उत्तर आले असते आणि आमच्या मुलांनी मुकाट्याने दिवाळीला सहा अक्षरे आहेत असे मानून खेळ पुढे चालवला असता. माणसे अशीच सरावतात. हातात संहिता होती म्हणून भाषा यंत्राप्रमाणे वाकली नाही, यंत्र भाषेप्रमाणे वळले. मराठीच्या अभिमानाची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. दोन संध्याकाळींचे हे काम मला त्या सगळ्यांपेक्षा जड वाटले.

शब्दांची यादीही आम्हीच केली. प्रत्येकाने चाळीस शब्द द्यायचे. आईने ‘उंबरठा’, ‘रोवळी’, ‘शकुनगाठ’ असे शब्द दिले आणि मुलांनी रोवळी म्हणजे काय ते पहिल्यांदा विचारले. ‘एसटी’ हा शब्द मी दिला.

भाऊबीजेच्या रात्री त्या मित्राची मुलगी आली होती. तिच्या वाट्याला ‘एसटी’ हा शब्द आला नाही, आला ‘उंबरठा’. तिने तो असा काढला की कोणालाही ओळखता आला नाही, आणि ती स्वतःच पोट धरून हसली. तिच्या बापाची चित्रे परत आली नाहीत, येणारही नाहीत. पण त्या रात्रीची सारी चित्रे भाचीने उतरवून प्रत्येकाच्या हाती दिली. तो फसलेला उंबरठा आता पाच घरांत आहे, आणि तो कोणाला बंद करता येणार नाही.

तेव्हा या दिवाळीत पाहुणे जमले आणि कोणी ‘चला, खेळू या’ म्हणाले, तर मोबाइलला हात घालण्यापूर्वी एकदा विचारा: डावाचा यजमान कोण? उत्तर ‘आपण’ असे आले तर खुशाल मध्यरात्रीपर्यंत खेळा, भांडा, रडीचा डाव खेळलात तरी माझी हरकत नाही. उत्तर दुसरे कोणी असे आले, तर घरातल्या एखाद्या भाचीला हाक मारा. तिला फराळ जरा जास्त वाढा. काम चार रात्रींचे आहे.